हिपॅटायटिस बी: एचबीएसएजी निगेटिव्ह आलं, तरी अँटी-एचबीसी बघाच
एकांनी विचारलंय, की एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीचा सध्याचा संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आहे, मग आर-चॉप (लिम्फोमा या कर्करोगावरची, रिटक्सिमॅब हे औषध असलेली केमोथेरपी) लगेच सुरू करायला हरकत काय? हरकत आहे. आधी अँटी-एचबीसी टोटल (पूर्वी कधी संसर्ग होऊन गेला का, हे दाखवणारी तपासणी) करून घ्या, नुसतं आयजीएम नको, ते मुख्यतः ताजा संसर्ग दाखवतं. हिपॅटायटिस बी बरा झाला तरी विषाणूचा डीएनए यकृताच्या पेशींत दडून राहतो. रिटक्सिमॅबने बी-पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या प्रतिकारपेशी) संपल्या की त्याच्यावरचा पहारा उठतो आणि तो पुन्हा जागा होऊ शकतो. आधी रक्तातला एचबीव्ही (हिपॅटायटिस बी विषाणू) डीएनए वाढतो, एसजीपीटी (यकृताला इजा झाल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) त्यानंतर काही आठवड्यांनी. म्हणून 'एसजीपीटी वाढलं की बघू' हे धोरण मला घातक वाटतं.

अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर यकृततज्ज्ञ बहुधा एन्टेकॅव्हिर ही विषाणूला रोखणारी गोळी ०.५ मिग्रॅ रोज एकदा देतात. ती उपाशीपोटीच घ्यायची: जेवणानंतर २ तासांनी, पुढच्या खाण्याआधी २ तास. किडनी अधू असल्यास डोस बदलतो. (तपासणीआधी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी, दिलं असेल तर अँटी-एचबीसी खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं.)

सगळ्यात जास्त घोळ शेवटी होतो. केमोच्या सहा सायकल संपतात, स्कॅन स्वच्छ येतो आणि ही गोळीही परस्पर बंद होते. रिटक्सिमॅबच्या शेवटच्या डोसनंतर ती किमान १२ महिने, बऱ्याचदा १८ महिने चालू ठेवावी लागते. बंद केल्यावरही वर्षभर दर तीन महिन्यांनी एसजीपीटी आणि डीएनए तपासत राहा.