मदत हवी आहे : बसमध्ये उणे चार प्रवासी

गिट्टीवाला
एम.टेक.चा सर्व्हे आहे. प्रत्येक थांब्यावर चढले-उतरले मोजले, एक्सेलमध्ये घातले, तर शेवटच्या दोन-तीन थांब्यांवर बसमधली माणसं उणे येतायत. एका फेरीत उणे चार! शुक्रवारी गाइडना लोड प्रोफाइल, म्हणजे कुठल्या थांब्यानंतर बसमध्ये किती माणसं, ते दाखवायचंय. लवकर सांगा.

खडीकाम
शहर कुठलं? बसला दारं किती? मोजायला कितीजण होतात?

घंटी_दोनदा
सगळं आयुष्य एसटीत वाहक म्हणून गेलं. डोकी कशाला मोजता? तिकीट मशीनमध्ये टप्प्याटप्प्याचा हिशेब असतो, भारमान, म्हणजे बस किती भरली ते, त्यावरूनच काढतात. आगारात जा, गोड बोला, मिळेल.

खडीकाम
काका, एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. शहरात तेवढ्यात डझनभर थांबे होतात. शिवाय पासवाले मशीनमध्ये येतच नाहीत, आणि कॉलेज सुटल्यावर बसमध्ये दुसरं असतं कोण?

घंटी_दोनदा
एसटीत पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट, तरी शून्याचं तिकीट देतात. नोंद ठेवायची म्हटली तर ठेवता येते.

सिम्युलेशन_ताई
सुमो नावाचं वाहतूक सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर वापर. फुकट आहे, जर्मनीत बनलंय. पूर्ण मार्ग स्क्रीनवर धावताना दिसतो, गाइड खूश.

खडीकाम
आधी बसमध्ये माणसं तरी शून्याच्या वर येऊ देत, ताई.

गिट्टीवाला
शहर बस, दोन दारं. पुढच्या दाराशी मी, मागे मित्र. तिकिटांच्या डेटासाठी पत्र दिलंय, उत्तर नाही.

पीएमटीप्रेमी
माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत द्यावंच लागतं. असे सर्व्हे नीट झाले असते तर २००६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटीचं, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकेचं, तसं वाटोळं झालं नसतं.

खडीकाम
त्याला शुक्रवारी दाखवायचंय, तीस दिवस कुठले? आणि बीआरटी सर्व्हेने नाही, मार्गिकेत घुसणाऱ्या दुचाक्यांनी मारली.

गिट्टीवाला, तुझी बेरीज पहिल्या थांब्यावर शून्यापासून सुरू होते ना? संध्याकाळी जागा मिळावी म्हणून लोक दोन थांबे उलटे जाऊन चढतात आणि त्या आधीच्या फेरीच्या शेवटच्या थांब्यावर न उतरता तसेच बसून राहतात. ते चढलेल्यांत येत नाहीत, उतरलेल्यांत येतात. म्हणून बस सुटताना आत किती डोकी आहेत ते आधी लिहायचं. दुसरं म्हणजे गर्दीत चढणारे घोळक्याने घुसतात, सिग्नललाही चढतात, त्यातले दोघेतिघे निसटतातच. उतरणारे त्यामानाने एकेक दिसतात. मधल्या एखाद्या मोकळ्या थांब्यावर आतली डोकी मोजून ताळा घेतला की गळती कुठे झाली ते कळतं. उरलेला फरक चढणाऱ्यांत प्रमाणात वाटून दे, पण किती फेऱ्या अशा दुरुस्त केल्या ते प्रबंधात लिही. उण्याचं गुपचूप शून्य करू नकोस, तोंडी परीक्षेत तेच विचारतात.

भोसरीकर
आमच्याकडे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आहे, १९६७ पासून. एसटी महामंडळांच्या अधिकाऱ्यांना हेच शिकवतात. जाऊन भेटा.

नवा_सिव्हिल
गेट देऊन वाहतुकीत एम.टेक. करायचंय. सुरत बरं की नागपूर?

खडीकाम
वेगळा धागा काढा.

गिट्टीवाला
सकाळच्या फेऱ्या बरोबर जुळतात, उणे फक्त संध्याकाळच्या आहेत. मागच्या दाराचा मोबाइलवर व्हिडिओ आहे, त्याचा काही उपयोग?

खडीकाम
व्हिडिओ आहे हे आत्ता सांगतोस?! संध्याकाळच्या फेऱ्या त्यावरून पुन्हा मोज, आणि मोजायला तोच मित्र नको.