शेंडा छाटू नका

घरावर झुकलेल्या जुन्या आंब्याचा शेंडा पावसाआधी छाटावा, असा सल्ला तुम्हाला कुणी देईल. कळकळीने सांगतो, तसं करू नका. शेंडा उडवला की तिथून कोवळ्या फुटव्यांचा झुपका निघतो. त्यांची पकड वरवरची असते आणि चार-पाच वर्षांत तेच वाऱ्यात मोडून कौलांवर येतात. शिवाय त्या रुंद जखमेतून पाणी मुरतं, आतून खोड कुजतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धनला आमच्या परसातली दोन झाडं गेली. एक असंच शेंडा मारलेलं. दुसरं मुळासकट उपटलं. त्याच्या बुंध्यालगत आम्ही फरशी केली होती आणि नळासाठी एका बाजूची मुळं तोडली होती. ती चूक मला अजून बोचते.

वाळकी, एकमेकींना घासणारी फांदी जरूर काढा. जड फांदी आधी खालून थोडी कापा, मग वरून, म्हणजे साल सोलवटत नाही. उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेर कापा. ते कडं शाबूत राहिलं तरच जखम भरते. कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी). बुंध्याशी भुसा दिसला तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी कीड, समजा आणि जाणत्या माणसाला लगेच दाखवा.

आणि बुंध्याभोवती फरशी असेल तर ती आजच उखडा.