आषाढीनंतर गणपतीपर्यंत घर बंद. तळमजला, नदी जवळ. काय काय वर चढवू?

कारेलीबागवाली
नमस्कार मंडळी. आषाढी झाली की पुण्याला लेकीकडे जायचंय. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, पण डॉक्टर तिथले, जावई तिथले, तिची नोकरीही तिथली, म्हणून आईच निघाली लेकीच्या सासरी. हेही बरोबर येणार, त्यामुळे घर पूर्ण बंद. परत येऊ ते गणपतीच्या तोंडावर.

घर म्हणजे बडोद्याच्या कारेलीबागेतलं जुनं टेनामेंट (स्वतंत्र बैठं घर), विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये घरात मांडीइतकं पाणी होतं. पण तेव्हा आम्ही दोघं घरातच होतो, पाणी फाटकाशी दिसल्याबरोबर जमेल ते ओट्यावर आणि माळ्यावर चढवलं. या वेळी चढवायला कोणी नसेल.

विचारायचं ते असं: फ्रिज चालू ठेवू की बंद? इन्व्हर्टरचं काय करायचं? वर्षाचे गहू दिवेल (एरंडेल तेल) लावून कोठीत भरलेत, ती कोठी मला जागची हलत नाही. आणि देव. रोजची पूजा आहे, त्यांना कुणाच्या भरवशावर ठेवू?

पुण्याचा_पाहुणा
काकू, आधी अभिनंदन! दूध आणि पेपर बंद करा, दिव्याला टायमर लावा, कॅमेरा मोबाइलला जोडा, प्रवासाचे फोटो परत आल्यावरच टाका. शेजाऱ्यांना फाटकात पडलेली पत्रकं उचलायला सांगा. दागिने लॉकरमध्ये.

कारेलीबागवाली
बाळा, सगळं बरोबर आहे, पण आमच्या गल्लीत पाणी भरतं तेव्हा चोर पोहत येणार का? पोहत येते ती विश्वामित्रीतली मगर, आणि तिला कुलूप फोडावं लागत नाही, फाटकाखालची फट पुरते. मला पाण्याचं सांगा कुणीतरी.

निवृत्त_वायरमन
वहिनी, मी बडोद्यातल्याच समा भागातला. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला तेही पाणी घरात घेतलं आणि २०२४ चंही. काळा घोडा पुलाशी धोक्याची पातळी २५ फूट, २०२४ ला नदी ३५ च्या वर गेली. शहरातला पाऊस थांबला तरी वरून आजवा धरणाचं पाणी येत राहतं, त्यामुळे "आता ऊन पडलंय, काही होत नाही" असं पुण्यात बसून समजू नका.

पहिलं काम: भिंतीवर २०२४ ची रेघ असेल. रंग दिला असला तरी ओल कुठवर चढली होती ते तुम्हाला ठाऊक असणारच. त्या रेघेच्या वर हातभर खडूची खूण करा. त्या खुणेखालचं सगळं पाण्याचं, असं धरून चाला.

आता विजेचं. फ्रिज बंदच करा. रिकामा करून, सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडा करून, दारात फडक्याची घडी अडकवा म्हणजे दार किलकिलं राहील, नाहीतर गणपतीत आतून बुरशीचा वास येईल. फ्रिजचा काँप्रेसर तळाशी असतो, कपडे धुण्याच्या मशीनची मोटरही खालीच. घोट्याएवढ्या पाण्यातही त्यांचं काम तमाम. सिमेंटचे ठोकळे आणून दोन्ही वर घ्या. मांडीपर्यंतच्या पाण्याला ठोकळे पुरणार नाहीत, हे मलाही कळतं. पण दरवर्षी पाणी मांडीपर्यंत येत नाही, घोट्यापर्यंत मात्र पुष्कळदा येतं.

इन्व्हर्टरबद्दल लोक चुकतात. मीटरजवळचा मेन पाडला म्हणजे घर मेलं असं वाटतं, पण इन्व्हर्टर चालू असेल तर त्याच्या लाइनवरचे पॉइंट जिवंतच राहतात. पाणी चढलं आणि कुणी मदतीला आत शिरलं तर शॉक त्याला बसेल. म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज करा, पाणी बघून हवं तर डिस्टिल्ड घाला, मग इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची वायर सोडवा. वायरमनकडूनच करून घ्या. बॅटरी उचलायला दोन माणसं लागतात, त्याच फेरीत ती मजबूत टेबलावर जाऊ द्या. सुटी बॅटरी एवढे दिवस सहज काढते.

आणि मोरी! पाणी दारातून यायच्या आधी मोरीतून आणि कमोडमधून येतं, तेही गटाराचं. जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालून वाळू भरा, तोंड घट्ट बांधा, एकेक पिशवी प्रत्येक जाळीवर दाबून बसवा, एक कमोडमध्ये खोल. पूर नाहीच आला तरी जाळीखालचं पाणी वाळल्यावर जी झुरळं वर येतात ती अडतील. प्लंबर हाताशी असेल तर बाहेरच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवून घ्या, म्हणजे दरवर्षीची वाळू सुटली.

गॅसचा व्हॉल्व मीटरपाशी बंद करा, दांडी पाइपला आडवी दिसली पाहिजे.

कारेलीबागवाली
मोरीचं कुणी सांगितलंच नव्हतं! त्या वर्षी आधी बाथरूममध्येच बुडबुडे आले होते, खरंय. बॉक्स-पलंगात गाद्या, लग्नातल्या पैठण्या आणि मखराचं सामान आहे, ते राहू द्यावं का?

निवृत्त_वायरमन
बॉक्स-पलंग म्हणजे घरातली सगळ्यात खालची पेटी. तो रिकामाच करा. मखर माळ्यावर, पैठण्या कपाटाच्या वरच्या खणात. गाद्या पलंगाच्या फळीवर एकावर एक रचा. सगळ्यात खालची भिजेल, वरच्या वाचतील.

मांडवीची_मावशी
मी कोठी आणि देव यांवर बोलते, बाकी पुरुषमंडळींनी सांगितलंय.

कोठी जागची हलत नाही म्हणतेस, पण पाणी आलं की तीच हलते! गव्हाची भरलेली कोठीसुद्धा तरंगते आणि आडवी होते, मग दिवेल लावलेलं असो की नसो, सगळा चिखल. माझ्या जावेकडे झालंय. तेव्हा निम्मे गहू आत्ताच कुणालातरी देऊन टाक, म्हणावं परत नकोत, पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही भरलेत की द्या. उरलेले छोट्या डब्यांत भरून माळ्यावर. रवा, बेसन, शेंगदाणे ठेवूच नकोस, पावसाळ्यात बंद घरात त्यांना जाळी लागते. डाळी उरतील त्यात हिंगाचा खडा.

देवांचं सोपं आहे. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा पुण्याला ने, नातवंडाला पहिला नमस्कार त्यांचाच होऊ दे. बाकीचे टाक आणि शाळिग्राम ताम्हणात तांदळावर ठेव, वर दुसरं ताम्हण झाक, आणि तेही माळ्यावर. देव माळ्यावर कसे ठेवायचे असं कुणी म्हटलं तर सांग, पाण्यात ठेवण्यापेक्षा बरे. तुळशीची कुंडी मात्र गच्चीत ने, पावसावर जगेल.

हरणी_रोड
माहिती म्हणून: लॉकर म्हणजे पुराचा विमा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्यांची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, ती नसते. म्हणून लॉकरची खोली तळघरात आहे का, हे बँकेत विचारून या, आणि कागदपत्रं लॉकरमध्येही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

दुसरं, घराचा विमा असेल तर घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं तर काय, ही अट पॉलिसीत शोधा. असेल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा. स्कूटरचा विमा फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) असेल तर पुराचं काही मिळत नाही.

कारेलीबागवाली
ॲक्टिवा मांजलपूरला भाच्याकडे तिसऱ्या मजल्यावर तर जाणार नाही, पण त्याच्या सोसायटीचा पार्किंगचा चौथरा उंच आहे, तिथे ठेवते. विम्याची पॉलिसी यांनी काढली होती, तीही बॉक्स-पलंगातच सापडली.

शेवटचं: किल्ली कोणाकडे? समोरच्या बेन रोज झाडलोट करतील म्हणतात, पण त्यांचंही घर तळमजल्याचंच.

निवृत्त_वायरमन
मग त्यांना नको. पाणी येईल त्या दिवशी त्या स्वतःचंच सामान उचलत असतील. किल्ली वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणाला तरी द्या, आणि त्यांना एवढंच सांगा: पाणी ओसरल्यावर आत जायला हरकत नाही, पण मेन कुणीही चढवायचा नाही, फ्रिज कुणीही लावून बघायचा नाही. आधी वायरमन बोलवायचा. पंपाच्या भूमिगत टाकीत पूर शिरला असेल तर ते पाणी उपसून, टाकी धुऊन, ब्लीचिंग टाकल्याशिवाय वर चढवायचं नाही. हे कागदावर लिहून मेनच्या डब्याच्या झाकणाला चिकटवा, मोठ्या अक्षरात, गुजरातीत.