ग्लूटेन-फ्री एवढं पाहून पाकीट घेऊ नका

काही जण सुचवतात की लो फॉडमॅपसाठी (पोटाच्या त्रासात, आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही साखरा आणि कर्बोदकं टाळणारा आहार) ग्लूटेन-फ्री पाकिटं घेतली की झालं. कृपया तेवढ्यावर विसंबू नका. या आहारात गहू टाळतात तो फ्रुक्टन्समुळे (अशाच कर्बोदकांचा एक प्रकार), ग्लूटेन या प्रथिनामुळे नाही. ग्लूटेन-फ्री पिठात बेसन किंवा सोया असू शकतं, शुगर-फ्री बिस्किटांत माल्टिटॉल हा गोडवा देणारा पदार्थ; तेही या आहारात टाळतात. घटकांच्या यादीत कांदा पावडर, लसूण पावडर, इन्युलिन किंवा चिकोरी (यांतही फ्रुक्टन्स) दिसली की पाकीट परत ठेवा.

कांदा-लसूण मसाला बाद, पण गोडा मसाला घ्या. पारंपरिक गोड्या मसाल्यात हे दोन्ही नसतात. 'जैन' लिहिलेल्या फरसाणातही बेसन, काजू असू शकतात, ते बघा. लसणाची चव हवीच असेल (मला तरी हवीच!) तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका. फ्रुक्टन्स पाण्यात विरघळतात, तेलात नाही. फक्त ते तेल त्या वेळेपुरतंच करा, साठवू नका.

तांदूळ, ज्वारी, शेंगदाणे चालतात. प्रमाण पाहायला मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाचं अ‍ॅप घ्या, हा आहार त्यांच्याच संशोधनातून आलाय. आणि कडक पथ्य 2 ते 6 आठवडेच, तेही आहारतज्ज्ञांना विचारून. पुढे एकेक पदार्थ परत खाऊन बघायचा असतो.