अनुभव धागा: अल्काझींचा झाडू तुमच्यापर्यंत कसा पोचला?

गिरणाकाठ, जळगाव

१८ ऑक्टोबर २०२५ला नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या जन्माला शंभर वर्षं झाली. माणूस पुण्यात जन्मलेला. वडील सौदी अरेबियातून आलेले व्यापारी, आई कुवेतची, घरात अरबी. मुंबईत सुलतान पदमसींच्या नाटकमंडळीत रमले, लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशाळेत शिकून आले, ‘थिएटर युनिट’ ही नाट्यसंस्था काढली. मग १९६२ ते १९७७ दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे (एनएसडी) संचालक. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी त्यांच्या हाताखालून गेले. आपल्या विजयाबाई मेहताही त्यांच्याकडे शिकल्या. हे कुठेही वाचायला मिळतं, त्यासाठी धागा काढलेला नाही.

काढलाय तो झाडूसाठी. विद्यार्थ्यांना अभिनयाआधी स्टेज झाडायला आणि संडास धुवायला लावणारा संचालक म्हणून त्यांचे विद्यार्थीच त्यांची आठवण सांगतात. आमच्या कॉलेजात मे महिन्यात दहा दिवसांचं शिबिर झालं होतं. शिकवणारे सर अल्काझींच्या एका विद्यार्थ्याकडे शिकलेले, म्हणजे आम्ही हिशेबाने पणतू. वीस जण संवाद घोकून गेलो, तर पहिल्या दिवशी हातात झाडू. हॉल एरवी लग्नाला देत. स्टेजच्या फळ्यांच्या फटींतून अक्षता, केसांच्या पिना आणि मंडपवाल्याचे खिळे निघाले. एक खिळा माझ्या तळहातावर ठेवून सर म्हणाले, “उद्या इथेच तुला धाडकन पडायचंय.” त्या दिवसानंतर झाडायचा कुणी कंटाळा केला नाही.

तुमच्याकडे दिल्लीहून काय, कुणाच्या हातून आलं? चांगलंवाईट दोन्ही लिहा.

सूतगिरणी, चोपडा

त्याच शिबिराला मी होतो भो. सात म्हणजे सात, सात वाजून एक मिनिटाला दार बंद. माझी येष्टी चोपड्याहून यायची, तिला कोण अल्काझी सांगणार? दुसऱ्याच दिवशी बाहेर राहिलो. व्हरांड्यात पायरीवर बसलो, डोकं आउट झालेलं. तालीम सुटल्यावर सर दोन कप चहा घेऊन आले, शेजारी बसले. मला वाटलं समजूत काढतील. त्यांनी विचारलं, “बंद दारातून कुणाचे शब्द कळले, कुणाचा नुसता आवाज आला?” मी सांगत गेलो, ते वहीत टिपत गेले. सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या दोघांचं मला एक अक्षर कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते दोघांना तोंडावर सांगितलं. माझं नाव घेऊन! पुढचे आठ दिवस मी आधीची गाडी पकडून पाचलाच हजर.

केळीचा घड, रावेर

माझा अनुभव झाडूचा नाही, ‘ळ’चा आहे. आमच्या घरी केळीला केयी म्हणतात, डोळ्याला डोया. कॉलेजात एकांकिका केली, परीक्षकांच्या शेऱ्यात एकच ओळ: उच्चार सदोष. मी स्टेज सोडलं. तीन वर्षांनी मैत्रिणीने ओढत एका कार्यशाळेला नेलं. शिकवणाऱ्या बाई एनएसडीच्या. त्यांनी मला माझा उतारा आधी आईशी बोलते तसा म्हणायला लावला. ‘मह्या डोयानं पाह्यलं’ म्हणताना हात आपोआप डोळ्यांकडे गेला. मग तेच प्रमाण मराठीत. म्हणाल्या, ळ जिभेने शिकता येईल, हात मात्र तोच राहू दे. महिनाभर भांडी घासताना ‘काळी कळी कोवळी’ म्हणायचे. सासूबाईंना वाटलं जप धरलाय.

घरात अरबी, शिक्षण इंग्रजी असलेल्या माणसाने दिल्लीत हिंदी नाटकं उभी केली हे त्या बाईंकडूनच कळलं. तेव्हा मला माझा ‘ळ’ फार मोठा वाटेनासा झाला.

आग्रा रोड, धुळे

कौतुक चाललंय तर माझं कडू घ्या. मी एका दिग्दर्शकाकडे चार वर्षं काम केलं. गृहस्थ दिल्लीला कधी शिकले नव्हते, पण बोलण्यात दर दहा मिनिटांनी अल्काझी. तालमीला उशीर झाला की सगळ्यांसमोर आईबापाचा उद्धार. एका मुलीच्या अंगावर त्यांनी संहिता फेकून मारली, ती परत आली नाही. वर म्हणाले, असाच नट घडतो. स्वतः मात्र नऊला यायचे, आणि कप उचलायलाही पोरं लागायची.

आणि मुळात तुलना कशाची करताय? तिथे पूर्ण वेळ नाटक शिकायला आलेली मुलं. आमच्यातला एक मेडिकलचं शटर आठला ओढून येतो, एकाला पहाटे दुधाच्या गाडीवर जायचंय. राज्य नाट्य स्पर्धेची तारीख लागली की दीड महिन्यात नाटक बसवायचं. या लोकांना सातचं दार दाखवून काय मिळणार?

गिरणाकाठ, जळगाव

संहिता फेकण्याला शिस्त म्हणणारे मीही पाहिलेत. पण संडासाच्या गोष्टीत विद्यार्थी असंही सांगतात की तो कसा धुवायचा हे अल्काझींनी आधी स्वतः धुऊन दाखवलं. आपल्याकडे गोष्ट पोचली ती एवढा तुकडा गाळून. सातच्या दाराबद्दल तुमचं पटलं. आम्ही आता नऊचं दार ठेवलंय, पण नऊला मी आत असतो.

गढीवरचा पिंपळ, पारोळा तालुका

अल्काझींनी १९६३ साली दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींत ‘अंधायुग’ हे महाभारतावरचं नाटक केलं. हे ऐकून आम्हीही गावच्या गढीत महाभारतावरची एकांकिका करायची ठरवली. त्यांची मुंबईतली गच्चीवरची नाटकंही डोक्यात होती. कंबाला हिलवर राहत त्या इमारतीच्या गच्चीला त्यांनी रंगमंच केलं होतं. आम्ही म्हटलं, आपल्याकडे तर गच्ची काय, गावभर धाबी, म्हणजे मातीची सपाट छपरं, आहेत. तालमी धाब्यावर, रात्री दहानंतर. दिवसा ते इतकं तापायचं की पाय टेकवत नव्हता.

प्रयोगाच्या दिवशी वाऱ्याने हॅलोजनचा स्टँड आडवा. कौरवांची शोकसभा चालू असताना वरून टिटवी ओरडत गेली आणि बायका पटापट ‘राम राम’ म्हणाल्या. असा परिणाम आम्हाला बसवून जमला नसता. घोळ वेगळाच झाला. मागची मंडळी गढीच्या पडक्या बुरुजावर चढून बसली, म्हणजे आम्ही ज्या भिंतीसमोर नाटक करत होतो त्या भिंतीवरच प्रेक्षक! पाय हलवत शेंगा खात होते. दुसऱ्या प्रयोगाला आम्ही त्यांनाच हस्तिनापूरची प्रजा केलं. शेंगा तेवढ्या बंद.

मोलगी घाट, नंदुरबार

शाळेत नाटक बसवते. माझं लक्ष रोशन अल्काझींकडे. त्या अल्काझींच्या पत्नी, सुलतान पदमसींच्या बहीण. नाटकांचे कपडे त्या करायच्या, आणि भारतीय वेशभूषेचा त्यांचा अभ्यास दांडगा. आमचा राजा वर्षानुवर्षं चमकीच्या अंगरख्यात. यंदा मांजरपाट आणला, निम्मा चहाच्या उकळीत बुडवला, निम्मा हळदीत. हळद उन्हात उडाली, चहा टिकला. राजा पोऱ्या म्हणतो, “बाई, याला कॅन्टीनचा वास येतो.” पण चालणं बदललं त्याचं. चमकी सावरत चालायचा, आता सरळ चालतो.

लोकोशेड, भुसावळ

माझं वय ७६. रेल्वेत होतो. १९७४ साली पास काढून दिल्लीला गेलो होतो. नात्यातला एक मुलगा तिथे सरकारी नोकरीत, तो म्हणाला पुराना किल्ल्यात नाटक आहे, चला. नाटक गिरीश कर्नाडांचं ‘तुघलक’, सुलतानाचं काम मनोहर सिंग यांचं, दिग्दर्शन अल्काझींचं. ते नाव त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. आम्ही मागे बसलो होतो. भाषा उर्दूच्या वळणाची, अर्धी डोक्यावरून गेली. तरी तो सुलतान हळू बोलला की आम्ही पुढे सरकायचो. शेडमध्ये इंजिनांशी ओरडून बोलायची सवय, मला वाटायचं मोठा आवाज म्हणजे हुकूम.

वर झाडूचं वाचलं आणि एक आठवलं. खेळ संपल्यावर नातलग कुणाशी बोलत उभा राहिला, मी बसूनच होतो. दोन पोरं ओळीओळीने कागद, शेंगांची टरफलं गोळा करत आली. चांगल्या घरची वाटत होती. एक म्हणाला, “भाईसाहब, ज़रा पैर.” मी पाय वर घेतले, वर म्हटलं, गेट नीट दाखवत जा लोकांना. त्याने हसून मान हलवली. मला वाटलं, किल्ल्याचे चतुर्थ श्रेणीतले असतील.

गिरणाकाठ, जळगाव

काका, चेहरा आठवतो का हो त्याचा?

लोकोशेड, भुसावळ

अंधार होता. आणि मी पायाकडे बघत होतो, चप्पल सापडत नव्हती.