दुकानाच्या वेबसाइटवर फिरणारा थ्रीडी सोफा हवाच कशाला?

परळचा_डिझायनर (धागा काढणारा)

मी गेली नऊ वर्षं लहान दुकानदारांच्या वेबसाइट करतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: पहिल्याच पानावर बोटाने फिरवायचं थ्रीडी मॉडेल टाकणं हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे.

मागच्या महिन्यात दादरच्या एका फर्निचरवाल्याची साइट केली. मालकांचा आग्रह होता, साइट उघडली की सोफा-कम-बेड समोर यायला हवा आणि बोटाने फिरायला हवा. मलाही करून बघायचं होतंच, केलं. माझ्या लॅपटॉपवर इतकं देखणं दिसलं की मालकांनी पेढे मागवले.

नंतरच्या शनिवारी मी त्यांच्या दुकानात बसलो होतो. डोंबिवलीहून आलेल्या एक काकू स्टुलावर बसून फोनवर तीच साइट बघत होत्या. फोन जुना, काचेला तडा गेलेला. बराच वेळ नुसता पांढरा पडदा. मग सोफा आला. काकूंनी खाली जायला बोट सरकवलं, तर पान जागचं हललं नाही, सोफाच गरकन फिरला. पुन्हा बोट, पुन्हा सोफा. शेवटी त्यांनी फोन मुलाकडे दिला: "बघ रे, किंमत कुठं लिहिलीय?" किंमत सोफ्याच्या खाली होती. दोन हात मोकळे असून दुकानात बसलेल्या बाईला ती सापडली नाही. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभी असलेली बाई काय करणार?

पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असं गूगलचं माप आहे. आमचं मॉडेल एकटंच ११ एमबीचं होतं. रविवारी मी ते काढलं आणि साधे चार फोटो लावले. मालक अजून नाराज आहेत.

---

थ्रीडीवाली_पार्ले

पूर्ण असहमत. दादा, राग मानू नका, पण तुमच्या गोष्टीत थ्रीडीचा दोष मला कुठेच दिसला नाही. काम अर्धवट झालं होतं.

बोट अडकतं, कारण कॅनव्हासने, म्हणजे पानावरच्या ज्या चौकटीत मॉडेल रंगवलं जातं तिने, सगळे स्पर्श स्वतःकडे ओढून घेतले. सीएसएसमध्ये (पानाची मांडणी लिहायच्या भाषेत) 'टच-ॲक्शन'ला 'पॅन-वाय' दिलं की उभं सरकवलेलं बोट पानाला मिळतं आणि आडवं सरकवलेलं मॉडेलला. एका ओळीचं काम आहे. ११ एमबी कशामुळे झाले तेही सांगते. कारखान्याच्या कॅड फाइलमधून, म्हणजे वस्तू बनवायच्या आराखड्यातून, मॉडेल थेट उचललं असणार, म्हणजे आतले स्क्रू, बिजागऱ्या, स्प्रिंगा, सगळं आलं. गिऱ्हाइकाला न दिसणारं सगळं आधी काढायचं, मग मॉडेलचा आकार बनवणारी त्रिकोणांची जाळी विरळ करायची, मग ती जाळी दाबून लहान करणारं ड्रेको लावायचं.

खरी मेख टेक्श्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या फोटोंमध्ये असते आणि तिकडे कुणी बघत नाही. कापडाचा ४०९६ बाय ४०९६चा फोटो जेपेगमध्ये एक एमबीचा असू दे, ग्राफिक्सच्या मेमरीत तो उलगडला की ६४ एमबी घेतो. एका पिक्सेलला चार बाइट, गुणाकार करून बघा. २०४८चा घेतला तर १६. असे तीन-चार फोटो लावले की जुना फोन तापणार, नाहीतर टॅबच बंद पडणार. केटीएक्स-२ नावाच्या फाइल प्रकारात टेक्श्चर दिलं तर ते मेमरीतसुद्धा दाबलेलंच राहतं.

आणि मॉडेल उघडल्या उघडल्या लोड करायचंच कशाला? आधी साधा फोटो ठेवा, खाली बटण: 'फिरवून बघा'. ज्याला हवं तो दाबेल.

---

परळचा_डिझायनर

ताई, टच-ॲक्शनचं मला ठाऊक नव्हतं, ती चूक माझी. बाकी तुम्ही सांगितलंत ते करायला किती दिवस लागतात? दुकानात ४० वस्तू आहेत. एकेक मॉडेल निगुतीने साफ करायचं तर प्रत्येकी दोन दिवस धरा. त्या मालकाचं साइटचं सगळं बजेट त्यातच संपेल. मोठ्या कंपन्यांना परवडतं म्हणून दादरच्या गाळेवाल्याने का करावं?

---

फोर्टचा_कोडर

+१ धागाकर्त्याला. फ्लॅश हे ब्राउझरला वेगळं जोडावं लागणारं प्लगइन होतं, त्याच्या काळात हेच झालं होतं. साइट उघडली की आधी चित्रफीत, आणि लोकांची नजर एकाच बटणावर: 'स्किप इंट्रो'. २०११ साली वेबजीएल आलं आणि प्लगइनशिवाय ब्राउझरमध्येच थ्रीडी चालायला लागलं. तंत्र सुधारलं, हाव तीच राहिली.

---

ऐकून_वाचणारा

मला दिसत नाही, फोन टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर वापरतो. कॅनव्हासमध्ये रंगवलेलं सगळं माझ्यासाठी कोरं असतं. मॉडेलवर टिंब देऊन लिहिलेलं 'सागवानी पाय', 'आत सामानाची जागा' हेसुद्धा चित्रातच रंगवलेलं असेल तर मला ऐकू येत नाही. सोफा मीही विकत घेतो. मॉडेल ठेवा, पण तोच मजकूर खाली साध्या अक्षरांत लिहा. माझ्या बहिणीला हलतं चित्र बघून गरगरतं, तिने फोनमध्ये ॲनिमेशन बंद केलंय. ब्राउझर ही निवड साइटला सांगतो. तिकडे लक्ष देणारी साइट क्वचितच भेटते.

---

भांडुपकरीण

मी कोडर नाही, गिऱ्हाईक आहे, म्हणून वेगळं सांगते. आमची खोली १० बाय ११. भिंतीला उभा राहणारा पलंग घ्यायचा होता. फोटोत सगळे पलंग छानच दिसतात. एका साइटवर तो बोटाने खाली पाडून बघता आला आणि फोनच्या कॅमेऱ्यातून माझ्याच खोलीत खऱ्या मापात ठेवता आला. पाडला तेव्हा कळलं, पलंग खाली असताना फ्रिजचं दार अर्धंच उघडणार. सासूबाईंना रात्री इन्सुलिन फ्रिजमधून काढावं लागतं. आम्ही पलंग समोरच्या भिंतीला घेतला. चार फोटोंत मला हे कळलं असतं का, दादा?

---

परळचा_डिझायनर

नसतं कळलं, भांडुपताई. हे मी मान्य करतो आणि माझं वाक्य बदलतो. जी वस्तू उघडते, मिटते, जिचा पसारा खोलीत किती येईल हे बघायचं असतं, तिला मॉडेल हवं. मुंबईच्या घरांत तर हवंच. पण नुसता दिमाखात फिरणारा सोफा पहिल्या पानावर नको, हे मी सोडणार नाही. पाठ भिंतीला लावायच्या सोफ्याची पाठ बघून कुणाला काय मिळतं?

---

थ्रीडीवाली_पार्ले

पाठीमागे कापड आहे की नुसतं प्लायवूड, हे मिळतं. हॉलच्या मधोमध सोफा ठेवणारेही आहेत. तरी तुमचा ४० वस्तूंचा मुद्दा खरा आहे, त्याला माझ्याकडे स्वस्तातला उपाय नाही. उघडमिट होणाऱ्या वस्तू किती?

---

परळचा_डिझायनर

सहा. त्यांचीच मॉडेलं करायची असं मालकांशी बोललो. पहिलं पान फोटोंचं राहील, किंमत वर, मापं अक्षरांत. पहिलं मॉडेल या शनिवारी दुकानातल्या पोऱ्याच्या फोनवर लावून बघतो. त्याचा फोन काकूंच्या फोनपेक्षाही जुना आहे. ताई, तुमची ती केटीएक्सची पायरी जरा सविस्तर लिहाल का?