मदत हवी आहे: विस्कॉन्सिनमधल्या जर्मन पूर्वजांचं मूळ गाव कसं शोधायचं?

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी. विषय आपल्या नेहमीच्या कुळ-कुलदैवताचा नाही. पण इथे जर्मनीत राहणारे बरेच जण आहेत, मोडी वाचणारेही आहेत, म्हणून इथेच विचारते.

माझं माहेर वाईचं आणि सासर अमेरिकेत, विस्कॉन्सिनमधल्या डॉज काउंटीत. नवऱ्याचे खापरपणजोबा योहान (आडनाव जाहीर लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही) १८६८ मध्ये जर्मनीतून आले, शेती केली आणि १९०९ मध्ये वारले. सासरकडे सगळ्यात मोठी आता आत्या, नव्वदीला टेकलेली. आपण मूळचे कुठल्या गावचे, एवढंच तिला कळायला हवं आहे. घरातल्या बाकीच्यांना फारसं सोयरसुतक नाही, त्यामुळे हे काम सुनेच्या गळ्यात पडलं आहे. मला आवडतंय, ही गोष्ट वेगळी.

आतापर्यंत हाताशी आलेलं असं: १८७० आणि १८८० च्या जनगणनेत जन्मस्थान ‘प्रशिया’. १८९० ची जनगणना आगीत गेली म्हणतात. १९०० च्या नोंदीत ‘जर्मनी’, जन्म मार्च १८४२, आगमन १८६८. नागरिकत्वाचा पहिला कागद मिळाला, त्यात ‘प्रशियाच्या राजाशी असलेली निष्ठा सोडतो’ एवढंच, गावाचा पत्ता नाही. दुसरा, म्हणजे नागरिकत्व पक्कं झाल्याचा कागद सापडतच नाही. कबरीवरचा दगड जर्मनमध्ये आहे, पण त्यावर नाव, तारखा आणि एक वचन. त्यांच्या मुलाच्या मृत्यूच्या दाखल्यात वडिलांचं जन्मस्थान ‘बर्लिन’ लिहिलंय. आत्या म्हणते, ‘आम्ही बर्लिनजवळचेच, आणि एलिस आयलंडवरच्या कारकुनाने आमचं आडनाव बिघडवलं.’

एका वंशवृक्षाच्या संकेतस्थळाने आपणहून पुढच्या तीन पिढ्या जोडून दिल्या. त्यातला योहान दक्षिण जर्मनीतल्या वुर्टेम्बर्गचा निघाला, आणि १८७१ मध्ये तिकडेच त्याच्या मुलाचा बाप्तिस्मा! आमचे योहान तेव्हा इथे मका पेरत होते.

जर्मनीत नेमकं कुठल्या कचेरीला लिहायचं? जहाजांच्या याद्यांत गाव मिळतं का? आणि आत्याकडच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात पहिल्या पानावर हाताने लिहिलेल्या चार ओळी आहेत, त्यातलं एक अक्षरही कुणाला लागत नाही. कुणी वाचून देईल का?

मिडवेस्टकर:

ताई, जर्मनीला पत्र लिहायची घाई करू नका. तिथे अशी मध्यवर्ती कचेरीच नाही. जर्मनी एक देश झाला १८७१ मध्ये. त्याआधीच्या जर्मन महासंघात ३९ राज्यं होती. जन्म-लग्न-मृत्यू चर्चच्या वहीत, आणि वही त्या-त्या गावच्या पाद्र्याकडे. गाव माहीत नसेल तर कुठली वही उघडायची? तेव्हा आधी गाव हवं, आणि ते बहुतेक वेळा अमेरिकेतल्याच कागदात दडलेलं असतं. योहान सारखं नाव घेऊन जर्मनीत शोधत बसाल तर वुर्टेम्बर्गवाल्यासारखे शेकडो भेटतील. तिकडे निम्म्या पोरांचं पहिलं नाव योहान, हाक मारायचे दुसऱ्याच नावाने.

‘प्रशिया’वरून काहीच ठरत नाही. तेव्हाचं प्रशिया राज्य पश्चिमेला ऱ्हाइन नदीपलीकडून पूर्वेला मेमेलपर्यंत पसरलेलं होतं. बर्लिनचं म्हणाल तर, परक्या माणसाला खेड्याचं नाव काय कळणार, म्हणून आपण ‘पुण्याजवळ’ म्हणतो, तसंच ते. मुलाच्या दाखल्यावर माहिती देणारा बहुधा नातू किंवा जावई असतो, त्याने जर्मनी पाहिलेलंही नसतं. त्या ‘बर्लिन’वर मी तरी विसंबणार नाही.

एलिस आयलंडची गोष्ट इथल्या प्रत्येक घरात ऐकायला मिळते. न्यूयॉर्कला येणाऱ्या परदेशी लोकांची नोंद करणारं ते केंद्र सुरूच झालं १८९२ मध्ये. १८६८ चा माणूस न्यूयॉर्कला उतरला असेल तर कॅसल गार्डनला. शिवाय तिथले कारकून जहाजावरच्या यादीशी नाव ताडून बघायचे, नवी नावं ठेवत नव्हते. आडनावं बदलली ती पुढे, शाळेत, दुकानात, जनगणनेवाल्याच्या कानाने, आणि पहिल्या महायुद्धात जर्मन असणं अंगाशी यायला लागल्यावर.

दुसरा कागद सापडत नाही याचंही नवल नाही. विस्कॉन्सिनच्या १८४८ च्या राज्यघटनेनुसार पहिला कागद भरलेल्या परदेशी पुरुषाला मतदान करता येत होतं, आणि ही सवलत १९०८ पर्यंत टिकली. मत देता येतंय, जमीन घेता येतेय, मग पुन्हा कोर्टाची पायरी कशाला चढायची? आणि मिळाला असता तरी गाव मिळालंच असतं असं नाही. जन्मगाव नीट लिहायची सक्ती १९०६ च्या कायद्यानंतरची.

मग कुठे बघायचं? माझं मत विचाराल तर सगळं सोडून आधी चर्च. जनगणनेवाला इंग्रजी बोलणारा, त्याला ‘प्रशिया’ पुरेसं होतं. पाद्री मात्र स्वतः जर्मन, त्याला प्रांत, जिल्हा, गाव सगळं ओळखीचं, स्पेलिंगही बरोबर. दफनाच्या नोंदीत तो ‘अमुक गावी जन्म’ असं सवयीनेच लिहायचा. तेव्हा १९०९ ची दफनाची नोंद मिळवा. मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, धाकट्या भावंडांचं लग्न, हेही. चर्चने छापून घेतलेली इंग्रजी यादी पुरणार नाही, मूळ पानाचा फोटोच मागा. यादी करणारे नेमकं गावच गाळतात. चर्च बंद पडलं असेल तर वह्या शेजारच्या चर्चकडे किंवा त्या सिनडच्या (चर्चच्या संघटनेच्या) दप्तरखान्यात गेलेल्या असतात.

तेही हुकलं तर शेजारी धरा. ही माणसं एकेकटी येत नव्हती. एक जण यायचा, पत्र धाडायचा, मग मेहुणा, मग त्याची आळीच यायची. १८७० च्या जनगणनेत योहानच्या पुढची-मागची दहा-पंधरा घरं उतरवून घ्या, मुलांच्या बाप्तिस्म्यातले साक्षीदार बघा. त्यांच्यातल्या कुणाचं गाव कळलं तर योहानचं त्याच्या आसपासच असण्याची शक्यता मोठी. मिल्वॉकीचे जर्मन दैनिक-साप्ताहिक अंकही बघा. त्यांतले मृत्युलेख इंग्रजी पेपरपेक्षा कितीतरी सविस्तर असत.

एल्बतीर:

जहाजांबद्दल. मी हाम्बुर्गला राहतो. इथल्या प्रवासी याद्या १८५० ते १९३४ अशा टिकल्या आहेत आणि त्यांत ‘शेवटचा मुक्काम’ हा रकाना आहे. तिथे गाव मिळू शकतं. मात्र दोन प्रकारच्या याद्या आहेत: थेट अमेरिकेला जाणाऱ्या, आणि आधी इंग्लंडला हल बंदरात उतरून, रेल्वेने लिव्हरपूल गाठून मग पुढे जाणाऱ्यांच्या. लोक पहिली बघून सोडून देतात. स्वस्तात जाणारा गरीब माणूस दुसरीत असू शकतो.

ब्रेमेनहून निघाले असतील तर मात्र अवघड. जागा पुरत नाही म्हणून तिथल्या कार्यालयाने जुन्या याद्या स्वतःच फाडून टाकल्या आणि उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या महायुद्धात गेल्या. आज आहेत त्या १९२० नंतरच्या. अमेरिकेच्या बाजूच्या याद्यांत त्या काळी नाव, वय, धंदा, देश, बस. न्यूयॉर्कला सापडले नाहीत तर बाल्टिमोर आणि क्वेबेकही बघा. विस्कॉन्सिनला जाणारे क्वेबेकला उतरून पुढे सरोवरांच्या वाटेने जायचे.

मोडीप्रेमी:

प्रार्थनापुस्तकाचं पान पाहिलं. ती लिपी ‘कुरेंट’. छापील जर्मनशी तिचा संबंध किती, तर बाळबोधीचा मोडीशी असतो तितका. वळणं कळली की मग भराभर लागते. त्यात ‘ई’ हुबेहूब ‘एन’सारखा दिसतो; ‘यू’च्या डोक्यावर बाक काढलेला असतो, त्यावरून तो ‘एन’पासून वेगळा ओळखायचा; ‘एच’ला वर-खाली दोन्हीकडे फास. मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत ‘बी’ आणि ‘एल’ची गल्लत भले भले करतात. १९४१ मध्ये नाझी सरकारने शाळांतून ती बंद केली, म्हणून आजच्या जर्मन माणसालाही ती येईलच असं नाही.

तुमच्या चार ओळी: पहिल्या दोन म्हणजे एका स्तोत्राची सुरुवात. तिसरीत ‘माझ्या कन्फर्मेशनच्या (चर्चमधल्या दीक्षेच्या) आठवणीसाठी’ आणि चौथीत ‘१८५६, पाम रविवार’. योहान १८४२ चे, म्हणजे चौदाव्या वर्षी. हिशेब जुळतो. पुस्तक त्यांचंच असावं. गाव नाही, माफ करा. पण कन्फर्मेशन म्हणजे घराणं प्रॉटेस्टंट, एवढं धरून चाला. एक युक्ती सांगतो: पाद्री मजकूर कुरेंटमध्ये लिहीत असला तरी माणसांची आणि गावांची नावं पुष्कळदा साध्या रोमन वळणात लिहायचा. पान मिळालं की आधी तीच अक्षरं शोधा.

कृष्णाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. चर्च अजून चालू आहे. तिथल्या कार्यालयातल्या बाईंनी तिजोरीतली वही काढून पानाचा फोटो पाठवला. आत्याने स्वतः फोन केल्यावर काम झालं, माझ्या ईमेलला उत्तर नव्हतं!

मला लागलेलं असं: ‘जन्म २ मार्च १८४२’, मग गावाचं नाव, मग ‘क्र. रेगेनवाल्डे’ आणि शेवटी ‘हिंटरपॉमर्न’. गावाच्या शेवटी ‘ओ-डब्ल्यू’ नक्की आहे. पहिलं अक्षर ‘बी’ की ‘एल’ यावर घरात दोन तट पडलेत. म्हणजे बर्लिन नाहीच?

मिडवेस्टकर:

वा! नाहीच. हिंटरपॉमर्न म्हणजे ओडर नदीच्या पूर्वेचा पोमेरेनिया, बाल्टिक समुद्रालगतचा. ‘क्र.’ म्हणजे क्राइस, आपल्या तालुका-जिल्ह्यासारखं. डॉज काउंटी पोमेरेनियनांनी भरलेली आहे, त्यामुळे हे अगदी चपखल बसतं.

तिकडे जमीन मोठ्या जहागिरींत अडकलेली. गावात बहुतेक शेतमजूर, वाड्यावर वर्षाच्या कराराने राबणारे, स्वतःच्या नावावर वाफाही नाही. अशा माणसाला विस्कॉन्सिनमध्ये ८० एकर मिळतात म्हटल्यावर तो का थांबेल? पहिली लाट मात्र धर्माची होती. प्रशियाच्या राजाने १८१७ मध्ये ल्युथरन आणि रिफॉर्म्ड ही प्रॉटेस्टंटांची दोन चर्च एक केली, पुढे एकच पूजाविधी लादला. तो न मानणाऱ्या पाद्र्यांना तुरुंग बघावा लागला. १८३९ मध्ये अशा जुन्या ल्युथरनांचा एक मोठा जथा अमेरिकेत आला, त्यातल्या काहींनी मिल्वॉकीजवळ फ्राइश्टाट वसवलं. नावाचा अर्थच स्वतंत्र नगर. तुमचे योहान तीस वर्षांनी आलेले, त्यामुळे जमिनीचं कारणच मोठं असावं. पण घराणं जुन्या ल्युथरनांपैकी निघालं तर त्यांची नोंद गावच्या सरकारमान्य चर्चमध्ये नसेलही, हे मनात ठेवा.

एल्बतीर:

पुढची पायरी सोपी आहे. मायर्सचा गावकोश म्हणून १९१२ च्या सुमाराचा ग्रंथ आहे, जर्मन साम्राज्यातली बारीकसारीक वाडीही त्यात आहे. तो आंतरजालावर फुकट शोधता येतो आणि नावाची काही अक्षरं माहीत नसली तरी त्या जागी तारकेचं चिन्ह (*) घालून चालतं. शेवटी ‘ओ-डब्ल्यू’ घालून शोधा, आलेल्या गावांतून रेगेनवाल्डे क्राइसमधली निवडा, आणि त्यांतली ‘बी’ किंवा ‘एल’ची तेवढी ठेवा. हातावर मोजण्याइतकी उरतील. मग फोटोतल्या अक्षरांची लांबी ताडून बघा. त्या ‘डब्ल्यू’चा उच्चार करत नाहीत, बर्लिनमधल्या पांकोसारखा. म्हणून अमेरिकन कागदांत तेच गाव ‘ओ’ने संपलेलं दिसेल.

नोंदीत ‘ग्रो.’ किंवा ‘क्ल.’ असं काही आहे का बघा, म्हणजे थोरलं आणि धाकटं. आपल्याकडे बुद्रुक-खुर्द असतं ना. एका नावाची दोन गावं असतील आणि तुम्ही चुकीच्या चर्चची वही चाळत बसाल. गावाला स्वतःचं चर्च नसेल तर जवळपासची चर्च कुठली होती, तेही त्याच कोशाच्या संकेतस्थळावर नकाशासकट कळतं.

मोडीप्रेमी:

फोटो मोठा करून पाहिला. मी ‘बी’ म्हणेन. त्याच पाद्र्याने पानावर वर ‘बर्था’ लिहिलंय, ते अक्षर शेजारी ठेवा, खालचा फास सारखाच आहे. ‘ग्रो.’ वगैरे काही दिसत नाही.

राईनकाठ:

थोडं गार पाणी ओततो. तो भाग १९४५ पासून पोलंडमध्ये आहे, जर्मन रहिवासी निघून गेले किंवा हाकलले गेले. गावांची नावंही बदलली. रेगेनवाल्डेचं आता रेस्को झालंय. चर्चच्या वह्या पुष्कळ नष्ट झाल्या. उरल्यासुरल्या श्टेटिनच्या (आताचं श्चेचिन) सरकारी दप्तरखान्यात, काही ग्राइफ्सवाल्ड आणि बर्लिनला, काहींच्या मायक्रोफिल्म मॉर्मन चर्चच्या फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर. कुठल्या गावचं काय शिल्लक आहे, याची माहिती ‘पॉमरशर ग्राइफ’ या वंशशास्त्र मंडळाकडे चांगली मिळते. गाव पक्कं झालं की त्यांच्या याद्या आधी बघा.

वही गेली असेल तरी आशा आहे. प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. योहान तेव्हा तिथे नव्हते, पण आई-वडील किंवा मागे राहिलेली भावंडं त्यानंतर वारली असतील तर त्या नोंदीत त्यांच्या आई-वडिलांची नावं मिळतात. मृत्यूच्या नोंदी जर्मनीत ३० वर्षांनी आणि पोलंडमध्ये ८० वर्षांनी खुल्या होतात, त्यामुळे कायद्याची अडचण नाही.

कृष्णाकाठची:

आत्याला फोनवर ‘पोमेरेनिया’ सांगितलं तर म्हणाली, ‘म्हणजे माझी आजी प्लाटडॉइच (उत्तर जर्मनीतली बोली) बोलायची ती तिकडची होय!’ हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आता आणखी काय-काय आठवतंय ते बोलतं करून ध्वनिमुद्रण करून ठेवते.

गावकोशात ‘बी’ची दोन गावं जुळताहेत. दोन्ही एकाच चर्चला जोडलेली दिसतात, तेव्हा त्या चर्चचं श्चेचिनला काय शिल्लक आहे ते आधी बघते. दप्तरखान्याची सूची पोलिशमध्ये आहे आणि यंत्राने केलेलं भाषांतर ‘बाप्तिस्मा’ आणि ‘लग्न’ यांचीच अदलाबदल करतंय. इथे कुणाला पोलिश येतं का? किंवा व्रोत्सवाफ, वॉर्सा भागात राहणारं कुणी आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पानांचे दुवे पाठवते.